स्टिक हातात धरल्याशिवाय पैसे देऊ नका

मंडळी, विषय पूल आणि स्नूकरच्या क्यूचा आहे. आपली पोरं त्याला स्टिकच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितो. "पत्रकारांना आता हेच उरलंय का?" असं विचारणाऱ्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

नारळ घेताना आपण कानाजवळ नेऊन हलवतो. मडकं टिचकी मारून घेतो. कोयतीची मूठ हातात बसते की नाही हे बघायला माणूस दुकानातच हवेत दोन वार करून बघतो आणि दुकानदार काही बोलत नाही. त्याच गावात पाच-सात हजारांची लाकडी स्टिक मोबाईलवरचा फोटो बघून मागवली जाते. का, तर त्यावर साप काढलाय, किंवा बट चकचकीत आहे.

स्टँडमागच्या पार्लरमध्ये एक मुलगा येतो. वय एकोणीस. दिवसा पार्सल वाटतो, संध्याकाळी खेळतो, आणि चांगला खेळतो. चार महिने पैसे साठवून त्याने साडेसहा हजारांची टू-पीस स्टिक ऑनलाइन मागवली. दोन तुकडे वेगवेगळे धरले तर सरळ, जोडले की जॉइंटपाशी बाक. विक्रेत्याचं उत्तर आलं, "लाकडी वस्तूत एवढं चालतं." चार महिने पावसापाण्यात पार्सलं वाटून कमावलेले पैसे होते ते. मला राग आला तो या उत्तराचा.

आता ही पारख कशी करायची ते सांगतो. पार्लरमधल्या जुन्या खेळाडूंकडून शिकलोय आणि स्वतः करून बघितलंय.

पहिलं, सरळपणा. स्टिक डोळ्याला लावायची, एक डोळा मिटायचा आणि बंदुकीचा नेम धरल्यासारखं टोकापर्यंत बघत ती हळूहळू फिरवायची. आधी दोन भाग सुटे बघायचे, मग जोडून. टेबलावर लोळवून बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. टेबल लेव्हलला नसेल, कापड जुनं असेल तर चांगली स्टिकही डुगडुगते. स्नूकरच्या हाताने घडवलेल्या क्यू तर नेमक्या गोल नसतात, बऱ्याचदा बटाला एका बाजूने सपाट कापलेलं असतं. त्या लोळवून काय कळणार? नजर बरी.

मग जॉइंटवरून अंगठा फिरवा. कड लागता कामा नये. जोडलेल्या स्टिकचा बट जमिनीवर हलकेच आपटा. आतून झणझण असा आवाज आला तर काहीतरी सैल आहे. टिप शाफ्टवर नीट बसलीय का, मध्ये फट आहे का, हे बघा. पण नुसती टिप खराब आहे म्हणून चांगली स्टिक सोडू नका. टिप चामड्याची असते, झिजते, थोडक्या पैशात बदलून मिळते. वाकलेलं लाकूड बदलून मिळत नाही.

वजनाचं सांगायचं तर पूलची स्टिक साधारण 18 ते 21 औंस, म्हणजे 510 ते 595 ग्रॅम. आकडा पेटीवर छापलेला असतो, पण खरी गंमत तोलात आहे. दोन स्टिका, दोन्ही 19 औंसच्या, एक हातात पिसासारखी वाटते आणि दुसरी पुढे ओढते, कारण एकीचं वजन मागे आहे आणि दुसरीचं पुढे. हे कुठल्याही फोटोत दिसत नाही. स्टिक बोटावर आडवी ठेवून कुठे तोल साधतो ते बघा, मग शॉटच्या पवित्र्यात उभं राहून बघा. मागच्या हाताला ती धरून ठेवावी लागत असेल तर तुमच्यासाठी नाही.

टिपची जाडीही बघा. पूलला 12-13 मिलिमीटर चालते. स्नूकरचे बॉल लहान, 52.5 मिलिमीटरचे, म्हणून टिपही 9-10 मिलिमीटर. आपल्याकडे मुलं स्नूकर टेबलावर पूलची जाड स्टिक घेऊन येतात आणि मग "साईड लागत नाही" म्हणून रडतात. लाकूडही वेगळं. स्नूकरला बहुधा ॲश, ज्याच्या रेषा बोटाला जाणवतात. पूलला मेपल, गुळगुळीत. हल्ली कार्बनच्या शाफ्टही आल्यात. त्या वाकत नाहीत पण खिसा वाकवतात. आणि कोकणात राहणाऱ्यांनी एक विसरू नका. मेमध्ये हात घामाने चिकट झालेला असताना चकाकी मारलेला शाफ्ट बोटांवरून सरकत नाही, अडतो. त्यामुळे एसी दुकानात कोरड्या हाताने घेतलेली परीक्षा आपल्या उपयोगाची नाही.

एवढं झाल्यावर टेबल हवंच. बॉल पॉकेटात जातोय का यावरून ठरवू नका, पाच मिनिटांत कोणाचेही दोन बॉल जातात. स्नूकर टेबलावर पांढरा बॉल ब्राऊनच्या जागेवर ठेवा, ब्लू-पिंक-ब्लॅकच्या जागांवरून सरळ वरच्या कुशनला मारा. परत येऊन टिपलाच लागला पाहिजे. इकडेतिकडे गेला तर दोष तुमचाही असू शकतो, म्हणून तोच शॉट क्लबच्या स्टिकने मारा, मग पुन्हा नवीनने. आलटून पालटून दहा-दहा वेळा. मग साईड देऊन मारा. साईड दिली की पांढरा बॉल नेमाच्या रेषेवरून थोडा सरकतो, आणि तो किती सरकणार हे प्रत्येक स्टिकचं वेगळं असतं. खेळाडूचा नेम त्या सरकण्याची सवय लावून घेतो. हे मनगटाला कळतं, रिव्ह्यू वाचून कळत नाही. निदान अर्धा तास द्या.

पण हे सगळं करायचं कुठे? तालुक्याच्या गावात खेळाच्या सामानाचं दुकान म्हणजे कॅरम, बॅट, शाळेच्या ट्रॉफ्या. वरच्या फळीवर दोन-तीन स्टिका, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या. "प्लॅस्टिक काढायचं नाही, घ्यायची असेल तर काढू." अहो, काढल्याशिवाय घ्यायची की नाही ते ठरणार कसं?

दुकानदाराची बाजूही ऐकली. टिपला एकदा चॉक लागला की दुसरं गिऱ्हाईक जुनी म्हणून भाव पाडतं. आणि त्याहून वाईट, काही जण दुकानात तासभर स्टिक हाताळतात, मॉडेलचा फोटो काढतात आणि चारशे रुपये स्वस्त म्हणून बाहेर जाऊन मोबाईलवर ऑर्डर देतात. हा लबाडपणा आहे, स्पष्ट लिहितो. ज्याच्या वस्तूवर तुम्ही पारख केलीत त्याला चारशे रुपये जास्त द्यायला काय हरकत आहे? ती त्या अर्ध्या तासाची किंमत आहे. उद्या ते दुकान बंद झालं तर मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठायचं, आणि गाडीभाडं चारशेत बसत नाही.

उपाय अवघड नाही. दुकानदाराने दोनशे रुपये चाचणी शुल्क घ्यावं, खरेदी केली तर बिलात वळतं करावं. प्रत्येक वजनाची एक नमुन्याची स्टिक ठेवावी.

ज्यांना ऑनलाइनशिवाय इलाज नाही, त्यांनी आधी मित्रांच्या चार स्टिका खेळून बघाव्या, मनाला भावलेलीचं वजन, टिपची जाडी आणि तोल लिहून घ्यावा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा आणि त्याच दिवशी जोडून सरळपणा बघावा. वस्तू सदोष निघाली तर "नो रिटर्न" म्हणून कोणी हात झटकू शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस धरले जातात. हेल्पलाइनचा नंबर 1915. तक्रार विक्रेत्याच्या शहरात जाऊन करायची गरज नाही, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र "हातात बसत नाही" हा दोष धरला जात नाही. म्हणूनच आधी हातात घ्या म्हणतोय.

पार्लरमध्ये जाणारा मुलगा वाया गेला असं समजणाऱ्या पालकांसाठी दोन ओळी. स्नूकरचा जन्मच जबलपूरचा, 1875 मध्ये ब्रिटिश छावणीतला. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, 1958 मध्ये बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले आणि 1964 मध्ये पुन्हा. मुंबईचे मायकल फरेरा तीनदा विश्वविजेते. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, त्याच्या नावावर 25 हून जास्त जागतिक किताब आहेत. पार्लरमध्ये सिगारेटचा धूर आणि पैजा चालत असतील तर त्यावर ओरडा, मीही बातमी लावेन. पण खेळाला शिव्या देऊ नका.

क्रीडा संकुलांसाठी सामान घेणाऱ्या साहेबांनाही एक विचारायचंय. खरेदीत नमुना मागवता, पण तो नमुना कपाटात जातो की खेळणाऱ्या मुलाच्या हातात? बॅट असो, रॅकेट असो, एकदा तरी पोरांना मारून बघू द्या.

स्टँडमागच्या पार्लरवाल्याशी बोललोय. दुपारी दोन ते चार त्याची टेबलं रिकामी असतात, दुकानदारांनी चार स्टिका आणल्या तर त्या वेळात चाचणीला टेबलाचे पैसे घेणार नाही म्हणाला. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने "बघू" म्हटलंय. दुसऱ्याकडे सोमवारी जातोय, कोणाला सोबत यायचं असेल तर अकराला मारुती मंदिरापाशी या.