पळणाऱ्याचं नाक

पोलीस भरतीची चाहूल लागली की राणीसावरगावातून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पोरं दिसायला लागतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. दोन्हीला 20 गुण. भिजवलेले हरभरे खाऊन पोटऱ्या कमावलेला गडी अडतो कुठे, तर नाकाशी. दम लागायच्या आधी धार लागते. बाही ओली, ओठ खारट. घरी आई म्हणते, ‘‘पडसं झालंय, उद्या जाऊ नको.’’

पडसं नसतं ते. फुफ्फुसाला हवा कोमट आणि ओलसर करून द्यायची, हे नाकाचं काम. आपल्या परभणीची थंडी बोचरी आणि कोरडी. पळताना अशी हवा नेहमीच्या कैकपट आत जाते, म्हणून नाक जादा पाणी सोडतं. त्यात उच्छ्वासातली वाफ गार नाकपुडीत पाणी होऊन टपकते. गंमत अशी, की पळताना नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे चोंदलेलं नाक उलट मोकळं होतं. थांबलं की थोड्या वेळात धारही आटते.

शिंकांवर शिंका आणि डोळ्यांना खाज असेल, तर मात्र संशय रस्त्याकडेच्या गाजरगवतावर नाहीतर तुरीच्या मळणीच्या धुळीवर घ्यावा आणि डॉक्टर गाठावा. मेडिकलवरून मनाने आणलेल्या गोळीने पेंग येते. नाक मोकळं करणारे थेंब आठवडाभर ओढले, तर नाक जास्तच चोंदतं.

एरवी सुती रुमाल पुरतो, तोही खिशात नको, मनगटाला बांधलेला. जुन्या धोतराचा तुकडा सगळ्यात मऊ. पुसून पुसून नाकाखाली सोलवटत असेल, तर निघताना खोबरेल तेलाचं बोट फिरवावं. शिंकरायचं तर कडेला होऊन, मागे कोण आहे ते बघून, एका वेळी एकच नाकपुडी दाबून. दोन्ही दाबून जोर केला की कानाला दडे बसतात.

पोरं हे सगळं बिनधास्त करतात. पोरींची पंचाईत होते. मुलीने रस्त्यात नाक शिंकरलं की पारावरची म्हातारी माणसंसुद्धा मान वळवून बघतात. मग ती पळता पळता ओढणीने नाक टिपते, ओढणी घसरते, ती सावरण्यात सेकंद जातात, आणि इथे गुण सेकंदांवरच मिळतात. माझं सरळ म्हणणं आहे, ओढणी घरी ठेवा, रुमाल मनगटाला बांधा. पारावरच्यांना बघू द्या.