मिरग आणि रानबदकांची वीण

रमजान दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि बत्तीस-तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मिरग मात्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटीच लागतो. रानबदकांचा हिशेब या दुसऱ्या कॅलेंडरचा.

शिळफाट्याच्या आसपास, खोपोली-खालापूरच्या भातखाचरांत आणि तळ्यांत दोन तऱ्हेची बदके दिसतात. थापट्या, तलवार बदक हे हिवाळ्याचे पाहुणे. त्यांची वीण दूर उत्तरेत, तिथला बर्फ वितळल्यावर. इथून निघण्याची वेळ त्यांना वाढत्या दिवसावरून कळते. आपल्याकडे सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा, मोठा सव्वातेरा तासांचा. एवढा फरक त्यांच्या शरीराला पुरतो.

हळदी-कुंकू बदक (चोचीचे टोक पिवळे, मुळाशी लाल ठिपके) आणि अडई ही इथलीच. त्यांना पाऊस लागतो. बायाबायांनी म्हणावे, पाणी तर पाताळगंगेला उन्हाळ्यातही असते! पण नुसत्या पाण्याने भागत नाही. पिल्लांना पहिले दिवस किडे लागतात आणि लपायला उंच गवत. हे दोन्ही पावसानंतरच मिळते. मादी रोज एक याप्रमाणे सात ते बारा अंडी घालते, आणि शेवटचे अंडे घातल्यावरच उबवायला बसते, म्हणून सगळी पिल्ले एकदमच बाहेर येतात. उबवणीला साधारण चोवीस दिवस. जुलैत अंडी घातली तर ऑगस्टमध्ये पिल्ले, आणि ती उडेपर्यंत ऑक्टोबर. पाऊस लांबला की सगळेच पुढे ढकलले जाते.

अडई झाडाच्या ढोलीतही घरटे करते. हळदी-कुंकूचे घरटे जमिनीवर, गवतात. लावणीच्या दिवसांत बांधावर पाय पडतो तो नेमका तिथेच. पोरे अंडी उचलून आणतात, घरची माणसेही कौतुकाने तळून घालतात. बदक हलाल आहे हे खरे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानबदक मारणे आणि त्याची अंडी घेणे गुन्हा आहे. आम्हाला वाटते, हे घरातल्या मोठ्यांनीच सांगावे, वनखात्याची वाट पाहू नये.

पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी आपल्याच रायगडातल्या किहीमला सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला, तोही पावसाळ्यातलाच.

बांधावर एखादी मादी पंख मोडल्यासारखी फडफडत पुढे पळाली, तर तिच्यामागे जाऊ नये. पिल्ले मागे, गवतात आहेत.