माळ्यावरची कॅसेट उतरवा, पण आधी विचारा

१९८५ ते २००५ या वीस वर्षांत तुमच्या घरात लग्न झालं असेल, तर माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या तळाशी एखादी काळी व्हीएचएस कॅसेट पडलेली असण्याची शक्यता मोठी आहे. वर चिकटवलेल्या कागदावर ‘शादी’ आणि एक तारीख. ती चालवायचं यंत्र घरात नाही, म्हणून ती कुणी बघत नाही. लग्नाची आहे, म्हणून टाकूनही देत नाही. माझं म्हणणं असं, की ही कॅसेट याच वर्षी खाली काढा आणि तिची डिजिटल प्रत करा. मात्र त्याआधी एक गोष्ट ठरवा. त्यात दिसणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय तिचं पुढे काहीही करायचं नाही.

घाई कशाला, असं कुणी विचारेल. कॅसेटमधली फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेला चुंबकीय कणांचा थर. दमट हवेत तो थर धरून ठेवणारा चिकट भाग खराब होतो आणि फितीवर बुरशी चढते. कोकणातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. पुराचं पाणी तर एका रात्रीत सगळं नेतं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या ट्रंका वाचल्या नाहीत. दुसरीकडे यंत्रंही संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आज मिळतो तो प्रत्येक व्हीसीआर जुनाच, आणि तो दुरुस्त करणारे कारागीरही आता म्हातारे झाले आहेत.

घरगुती चित्रणाला एवढं महत्त्व कशाला द्यायचं, हाही प्रश्न येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं. युटा राज्यातल्या टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो नावाच्या एका दुकानदाराने चोरून आणलेल्या ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर रोजचं जगणं टिपलं. बर्फ, बर्फात खेळणारी मुलं, शेजारीपाजारी. त्यात ना भाषण, ना घोषणा. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ते चित्रण समाविष्ट झालं. सरकारी कागदांत ज्यांची नोंद संशयित म्हणून झाली, त्यांनी स्वतःची नोंद माणूस म्हणून करून ठेवली होती.

आपली परिस्थिती तशी नाही, आणि तशी तुलना मला करायचीही नाही. पण मराठी मुसलमान पडद्यावर कधी दिसतो ते आठवा. दंगलीच्या बातमीत, निवडणुकीच्या गणितात, नाहीतर रमजानच्या खाऊगल्लीत. रत्नागिरी-रायगडातली माणसं सत्तरच्या दशकापासून आखातात नोकरीला जाऊ लागली. कितीतरी घरांत पहिला व्हीसीआर त्यांच्याच सामानातून आला. बहिणीच्या लग्नाला रजा न मिळालेल्या भावासाठी ते लग्न कॅसेटवर भरून पाठवलं जायचं. म्हणजे या कॅसेटी आपण आपल्याच माणसांना लिहिलेली पत्रं आहेत. बाहेरच्या कुणाला दाखवायचा हेतूच नव्हता, म्हणून त्यांतलं वागणं-बोलणं खरं आहे.

आमच्या घरातल्या १९८९ च्या एका कॅसेटमध्ये खालाच्या हळदीला बायका कोकणीत गाताना दिसतात. त्यांत माझी नानी आहे. रेशनकार्डासाठी काढलेला एक फोटो सोडला, तर तिचं दुसरं काही आमच्याकडे नाही. तिचा आवाज आम्हा नातवंडांना या कॅसेटमुळे कळला. त्यातली दोन गाणी आज घरात कुणालाच पूर्ण येत नाहीत. लग्नपत्रिकेवर पुरुषांची नावं असतात, सातबाऱ्यावरही बहुतेक तीच. बायका सापडतात त्या इथे.

म्हणूनच विचारण्याचा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. हे चित्रण फक्त घरच्यांसाठी होतं. बायकांच्या खोलीत मोकळेपणी नाचलेल्या मुली आज पन्नाशीच्या आहेत. त्यांचं नाचणं यूट्यूबवर किंवा खानदानाच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? याच्या उलटही घडतं. घरातले पुरुष परस्पर ठरवतात, की ‘बायकांचा भाग काढून टाका’, आणि तीन तासांच्या कॅसेटमधून उरतो फक्त निकाह आणि जेवणाच्या पंगती. दोन्हीकडे बाईला न विचारताच निर्णय झालेला असतो. काही घरांना चित्रणच धर्माला धरून वाटत नाही. यावर उलेमांतही एकमत नाही. ज्यांना ते नको, त्यांच्या भावनेचा मान ठेवू. पण कॅसेट जाळायची की ठेवायची, हे ठरवताना तिच्यात दिसणारी बाई त्या बैठकीत हवी.

माझ्या फुफूचं लग्न टिकलं नाही. तिच्या लग्नाची कॅसेट सासरीच राहिली. तिचे वडील चालता-बोलताना दिसतात, असं तेच एक चित्रण. तिला लग्नाची आठवण नको आहे, तिला वडील हवे आहेत. अशी कॅसेट तुमच्या घरात कुणाची पडून असेल, तर प्रत करून तिच्याकडे पोहोचवा. त्यासाठी जुना वाद उकरून काढायची गरज नाही.

आता कामाचं. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी खिट्टी असते, ती आधी मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही टेप होणार नाही. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर कॅसेट चालवू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. चालू व्हीसीआर, पिवळी-पांढरी-लाल वायर, यूएसबी कॅप्चर कार्ड आणि ओबीएससारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. तासाला साधारण तीन जीबी जागा धरा. दुकानात काम दिलंत, तर मूळ कॅसेट परत घ्या आणि त्यांच्याकडची प्रत पुसायला सांगा. एआयने चेहरे उजळवायचा मोह टाळा. ते यंत्र नानीच्या चेहऱ्यात नसलेल्या रेषा भरतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली फाइल म्हणजे जतन नव्हे, ती दाबून लहान केलेली असते. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी.

फाइल झाली म्हणजे काम संपलं, असं मात्र समजू नका. नावं नसलेलं चित्रण तीस वर्षांनी अनोळखी गर्दी होऊन बसतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते दाखवा, शेजारी फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा, आणि कोणत्या मिनिटाला कोण दिसतं ते वहीत लिहा. नाव, नातं, गाव. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची अम्मी’ असं लिहू नका; तिचं स्वतःचं नाव विचारून लिहा. ते नाव आठवणारं माणूस घरात एखाददुसरंच उरलेलं असतं. कॅसेट अजून दोन-चार वर्षं तग धरेलही, त्या माणसाची खात्री कोण देणार? येत्या ईदला सगळे गावी जमतील, तेव्हा शीरखुर्म्यानंतरचे दोन तास यासाठी राखून ठेवा.