दुसऱ्या अपिलातला प्रश्न

दुसऱ्या अपिलाचा मेमो उघडला की पुष्कळदा पहिल्या अपिलाचाच मेमो पुन्हा भेटतो. तीच ग्राउंड्स, तोच क्रम. शेवटी रिवाज म्हणून ‘कायद्याचे सारभूत प्रश्न’ असा मथळा आणि खाली एक वाक्य: ‘खालच्या न्यायालयांनी पुराव्याचे योग्य मूल्यमापन केले आहे काय?’ हा प्रश्न कोणत्याही दाव्याला लागू पडतो, म्हणूनच तो ॲडमिशनला टिकत नाही.

1976 च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 चे दार अरुंद केले. पोटकलम (3) प्रमाणे मेमोतच प्रश्न नेमका मांडावा लागतो. तरीही आपण तो स्टेनोला सर्वांत शेवटी, उभ्याउभ्या सांगतो.

समजा, वादीने निशाणी 38 वरील फेरफारावर मालकी सांगितली, खरेदीखत दाखल केलेच नाही, तरी दोन्हीकडे दावा मंजूर झाला. मग असे लिहा: ‘मालकीचा दस्त पुराव्यात नसताना केवळ निशाणी 38 वरील फेरफारावरून वादीस मालक ठरवणारा हुकूमनामा कायद्याने टिकतो काय?’ आता न्यायमूर्तींना कोणता कागद उघडायचा ते कळते. फेरफाराने मालकी मिळत नाही हे तर ठरलेलेच, मग यात सारभूत काय, असे ज्युनिअर विचारतात. त्यांनी ‘हिरो विनोद विरुद्ध शेषम्माल’ (2006) वाचावा. ठरलेल्या कायद्याविरुद्ध निर्णय झाला असेल तरीही प्रश्न उभा राहतो.

आदेश 41 नियम 31 चा मुद्दा मात्र जपून घ्या. जिल्हा न्यायालयाने मुद्दे वेगळे काढले नाहीत, एवढ्यावर अपील तरत नाही. निकालात पुराव्याची चर्चा असली की नियमाचे पुरेसे पालन झाले असे धरले जाते. निकाल फिरवलेला असेल, तर गोष्ट वेगळी. मूळ न्यायालयाच्या कारणांना भिडल्याशिवाय तो फिरवता येत नाही, हे ‘संतोष हजारी’ (2001) मध्ये स्पष्ट आहे. अशा वेळी भाराभर ग्राउंड्स लिहिण्यापेक्षा जिल्हा न्यायालयाने कोणत्या साक्षीदाराचा उलटतपास वगळला, ते परिच्छेद क्रमांकासह दाखवा.

वाचकांना विनंती: ॲडमिशनला स्वीकारले गेलेले आणि फेटाळले गेलेले, दोन्ही प्रकारचे प्रश्न पक्षकारांची नावे वगळून आमच्याकडे पाठवा. फेटाळलेले आधी छापू.