विश्लेषण : दप्तराविना दहा दिवस… पण मुलांना न्यायचे कुठे? परिसर-शिक्षणाचे केंद्र उभारायला काय लागते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीदरम्यान मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकू द्यावे, असे सुचवले. जुलै २०२४ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचनाही आल्या. धोरणाला अपेक्षित आहेत सुतार, माळी, कुंभार, स्थानिक कलावंत. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांची बस ‘निसर्ग शिबिर’ अशी पाटी लावलेल्या रिसॉर्टवर थांबते. झिपलाइन, रेन डान्स, संध्याकाळी परत. परिसरातूनच शिकवणारे कायमचे केंद्र उभारायचे ठरवले, तर इमारतीपलीकडे कशाची तयारी लागते?

परिसर-आधारित शिक्षण आणि सहल यांत फरक काय?

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी या पद्धतीवर विस्ताराने लिहिले आहे. गावातला ओढा, बाजार, जुनी गिरणी हेच पाठ्यपुस्तक, असा त्याचा गाभा. मराठी मुलखाला हे नवे नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेली ‘नई तालीम’ हस्तोद्योग आणि भोवतालच्या जगण्यातूनच शिकवू पाहत होती. फरक ओळखण्याची सोपी कसोटी आहे. शिबिर महाबळेश्वरहून लोणावळ्याला हलवले आणि वेळापत्रकातला एक शब्दही बदलावा लागला नाही, तर ती सहल होती.

आधी जागा की आधी इमारत?

याचे चांगले उदाहरण अमेरिकेत सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर आहे. तिथले ‘आयलंडवूड’ हे केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. ते उभारणारे पॉल आणि डेबी ब्रेनर्ड हे दाम्पत्य. पॉल यांच्या ‘आल्डस’ कंपनीचे पेजमेकर वापरून मराठी वृत्तपत्रांची कित्येक पाने लागली आहेत! कंपनी अडोबीत विलीन झाल्यानंतर त्यांनी समाजकार्याकडे मोर्चा वळवला आणि या केंद्रासाठी २५५ एकर जंगल घेतले.

हे जंगल अस्पर्शित मात्र नाही. शेजारच्या पोर्ट ब्लेकली बंदरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातल्या मोठ्या लाकूड गिरण्यांपैकी एक होती आणि तिच्या आसपास जपानी स्थलांतरित मजुरांची वसाहत होती. मूळची झाडे तोडली गेली, आजची नंतर उगवली. त्यामुळे इथे जुना बुंधा दाखवला की विज्ञान, व्यापार आणि स्थलांतराचा इतिहास एकाच तासात येतो. रम्य पण मुक्या टेकडीपेक्षा अशी ‘वापरलेली’ जागा शिकवायला कितीतरी सरस.

आराखडा करताना वास्तुविशारदांनी चौथी-पाचवीच्या मुलांना विचारले. झुलता पूल, झाडावरचे घर, तळ्यात तरंगता वर्ग या कल्पना त्यातून आल्या. सांडपाणी वनस्पतींच्या साहाय्याने शुद्ध करून पुन्हा शौचालयांत वापरले जाते. नळ सोडल्यावर पाणी कुठे जाते, हे इथे मुलांना चित्रात दाखवावे लागत नाही.

खरा खर्च कुठे?

इमारत एकदाच बांधायची असते, शिकवणारी माणसे दरवर्षी लागतात. आयलंडवूडमध्ये अनेक वर्षे पदव्युत्तर विद्यार्थी तिथेच राहून मुलांना शिकवत. गरीब वस्तीतल्या शाळांना शुल्कात सवलत मिळते आणि फरक देणग्यांतून भरावा लागतो. हे गणित किती नाजूक आहे, ते करोनाने दाखवले. २०२० मध्ये बर्कलीच्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्सने अमेरिकेतील अशा सुमारे एक हजार संस्थांची पाहणी केली. निर्बंध वर्षअखेरपर्यंत टिकले, तर पुन्हा दारे उघडता येतील याची ६३ टक्के संस्थांना खात्री नव्हती.

महाराष्ट्रात अडचण कोणती?

पहिली जमिनीची. वन संवर्धन कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वनजमिनीवरील सरकारी प्राणिसंग्रहालये, सफारी आणि आराखड्यात समाविष्ट परिसर-पर्यटन सुविधांना ‘वनेतर वापरा’तून वगळले. शिक्षण केंद्राचे नाव या यादीत स्वतंत्रपणे नाही. म्हणजे वनजमिनीवर असे केंद्र पर्यटनाच्या नावाखाली मंजूर करून घेण्याचा मोह होणार. तसे झाले, तर शनिवार-रविवारच्या खोल्यांचे भाडे हाच त्याचा आधार ठरेल आणि जिल्हा परिषदेच्या शाळेला उरतील पावसाळ्यातले मंगळवार.

दुसरी अडचण साधी, पण मोठी. ग्रामीण शाळांत मोजकेच शिक्षक असतात. एक जण मुलांना घेऊन बाहेर पडला, तर उरलेले वर्ग कोण घेणार? बसभाडे कोणी द्यायचे?

मग केंद्र बांधूच नये का?

बांधावे, पण छोटे आणि जवळ. मुंबईत गोरेगावच्या चित्रनगरीमागे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून बीएनएचएसचे ३३ एकरांतले संवर्धन शिक्षण केंद्र आहे. आकर्षण आहे ते जंगल आणि सोबत चालणारा जाणकार, खोल्या नव्हेत. जिल्ह्याच्या ठिकाणी पाणलोट, देवराई किंवा बंद पडलेल्या गिरणीशेजारी एखादी वापरात नसलेली शाळा दुरुस्त केली, तरी सुरुवात होऊ शकते. मात्र निविदेत सिमेंटइतकीच ठळक तरतूद मार्गदर्शकांच्या वार्षिक मानधनाची आणि बसची हवी. ती नसेल, तर उद्घाटनानंतरच्या दुसऱ्या वर्षी किल्ली चौकीदाराकडे असेल.