रेषा कोण आखतो?

पदवीनंतर प्रणालीविचार आणि शाश्वत डिझाइन शिकायचे आहे, असे मुलाने सांगितले की पालकांचा पहिला प्रश्न असतो, 'पुढे नोकरी कोणती?' प्रश्न रास्त आहे. शिष्यवृत्ती रखडली म्हणजे घरात काय होते, हे ज्यांनी सोसले त्यांनी तो विचारायलाच हवा. तरीही आपल्या शाळेतील काही मुलांनी या वाटेने जावे, असे आम्हां माजी विद्यार्थ्यांचे ठाम मत आहे.

हे शास्त्र काय शिकवते, ते शेततळ्यावरून पाहू. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवावे, हा शेततळ्याचा मूळ हेतू. प्रत्यक्षात दुष्काळी भागातील कित्येक तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालून ती विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याने भरली जातात. वरचा साठा वाढलेला दिसतो. खालचा भूजलसाठा घटतो, उपसलेल्या पाण्यातले काही उन्हाने उडून जाते आणि शेजारच्या अल्पभूधारकाची उथळ विहीर सर्वांआधी आटते. मग ज्याला परवडते तो आणखी खोल बोअर घेतो, आणि चक्र वेग घेते. सुट्या तळ्याच्या आराखड्यात खोट सापडत नाही. आराखड्याची सीमारेषा बांधावर थांबली, शेजाऱ्याची विहीर बाहेर राहिली, ही खोट. हिवरे बाजारने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली, तेव्हा रेषा शिवेपर्यंत सरकली. प्रतीत्यसमुत्पाद ऐकत वाढलेल्या मुलांना ही कार्यकारणाची साखळी परकी वाटू नये.

डोनेला मेडोज या अमेरिकी अभ्यासिकेने १९९९ साली व्यवस्थेत हस्तक्षेप करण्याच्या बारा जागा क्रमाने मांडल्या. आकडे बदलणे त्यांत सर्वांत दुबळे. नियम बदलणे बरेच प्रभावी. व्यवस्था ज्या धारणेतून उभी राहते ती बदलणे त्याहून कितीतरी वरचे. आम्हांला हे वाचताना महाड आठवले. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. म्हणजे नियम बदलला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले, कारण धारणा तशीच होती.

अशा अभ्यासक्रमांच्या आकृत्यांत 'वापरकर्ता' नावाचा एक माणूस असतो. त्याला बहुधा जात नसते, वस्ती नसते, नळापर्यंतचे अंतरही नसते. ते अंतर ज्यांनी मोजले आहे त्यांची मुले त्या वर्गात बसली, तर आकृती निराळी निघेल.

पगार सॉफ्टवेअरइतका नसेल, हे स्पष्ट सांगतो. पाणलोट, नगररचना, बांधकाम, घनकचरा या क्षेत्रांत कामे आहेत, पण ती शोधावी लागतात. प्रवेशपरीक्षेची तयारी आणि कामाचा संग्रह करणे खर्चिक असते. माजी विद्यार्थी संघाने दरवर्षी निदान दोघांचा हा भार उचलावा.

शाळेनेही आरंभ करावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सातवीच्या मुलांनी वसतिगृहाचे छप्पर मोजावे, स्नानाचे, स्वयंपाकाचे, बागेचे पाणी मांडावे आणि आपली बोअर वस्तीतल्या कोणत्या विहिरींजवळ आहे, तेही त्याच कागदावर दाखवावे.