दिसले की दिसला?

इसवी सन १८० च्या सुमारास, आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरी, इरेनियस नावाच्या बिशपाने पाखंडी मतांचे खंडन करणारा पाच भागांचा ग्रंथ लिहिला. तो संपूर्ण मिळतो तो लॅटिन अनुवादात. पण पाचव्या भागातले एक वाक्य इतिहासकार युसेबियसने उतरवून घेतले, म्हणून ते मूळ ग्रीकमध्येही टिकले. त्या वाक्यात 'हेओराथे' असे क्रियापद आहे आणि काय किंवा कोण दृष्टीस पडले, ते लिहिलेले नाही. ग्रीकमध्ये हे खपून जाते. मराठीत आणायला बसलो की पंचाईत होते, कारण आपल्या क्रियापदाला लिंग लागते. 'दिसले' लिहावे तर दिसले ते योहानाचे दर्शन. 'दिसला' लिहावे तर दिसला तो स्वतः योहान, म्हातारपणी लोकांत वावरताना. हे घडले केव्हा, ते मात्र वाक्यात स्पष्ट आहे: रोमन बादशहा डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे ९५-९६ च्या आसपास.

योहानाच्या याच दर्शनाचे पुस्तक 'प्रकटीकरण', म्हणजे नव्या कराराचे शेवटचे, कधी लिहिले गेले, या वादाचा निम्मा भार या एका क्रियापदाने वाहिला आहे. बाजू दोन. एक म्हणते, बादशहा नीरोच्या अखेरच्या दिवसांत किंवा त्याच्या मृत्यूनंतर लगेच, ६८-६९ च्या सुमारास. दुसरी म्हणते, डोमिशियनच्या अखेरीस. मधले अंतर जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाच्या बाबतीत एवढ्या फरकाला एरवी कोणी विचारले नसते. पण या वर्षांच्या पोटात सन ७० आहे. त्या वर्षी रोमन सेनापती टायटसच्या फौजेने यरुशलेमचे मंदिर जाळले. पुस्तक त्याआधीचे असेल तर त्यातली नाशाची चित्रे पुढे पाहणारी ठरतात. नंतरचे असेल तर ती चित्रे जळालेल्या शहराकडे वळून पाहणाऱ्याची, किंवा भलत्याच, अजून न आलेल्या काळाची ठरतात. साहजिकच, सारे भाकीत ७० मध्येच खरे झाले असे मानणाऱ्यांना आधीचा काळ हवासा वाटतो आणि ते अजून व्हायचे आहे असे मानणाऱ्यांना नंतरचा काळ सोयीचा पडतो. निकाल आधी आणि पुरावे मागाहून, असा प्रकार या वादात फार झाला आहे. म्हणून इथे प्रत्येक पुराव्याला आधी विचारायचे: तू नेमके किती सिद्ध करतोस?

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ असा काळ नोंदलेला सापडतो. अभ्यासकाला पाय टेकायला जागा मिळते. प्रकटीकरणाचा कर्ता आपले नाव सांगतो, योहान. जागा सांगतो, पात्म बेट. देवाच्या वचनामुळे आपण तिथे आहोत हेही सांगतो. आपल्याला तिथे कोणत्या बादशहाच्या राज्यात यावे लागले, तेवढे मात्र सांगत नाही.

किंवा सांगतो, पण कोड्यात. सतराव्या अध्यायात सात डोक्यांच्या श्वापदावर बसलेली स्त्री येते. डोकी म्हणजे सात डोंगर, आणि सात राजेही. त्यांतले पाच होऊन गेले, एक आहे, एक यायचा आहे आणि तो थोडाच काळ टिकणार आहे. आधीच्या काळाचा पुरस्कार करणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम बुरूज, कारण लेखक इथे 'आता'कडे बोट दाखवतो आहे. रोमन चरित्रकार सुएटोनियसप्रमाणे ज्युलियस सीझरपासून मोजले तर सहावा नीरो. ऑगस्टसपासून मोजले तर सहावा गाल्बा, जो जून ६८ ते जानेवारी ६९ एवढाच गादीवर होता. फ्रेंच पंडित एर्नेस्त रेनाँने १८७३ मध्ये हाच काळ धरला. त्यानंतर दहा वर्षांनी फ्रेडरिक एंगल्सनेही या पुस्तकावर लेख लिहून तोच काळ स्वीकारला. कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा सहलेखक श्वापदाचे आकडे जुळवत बसला आहे, हे चित्र मला तरी लोभसवाणे वाटते.

डोमिशियनपर्यंत पोचायचे तर गाल्बा, ओथो आणि व्हिटेलियस या तिघा अल्पजीवी बादशहांना गाळावे लागते. गाळले तरी सहावा येतो वेस्पेशियन, सातवा टायटस. टायटस जेमतेम सव्वादोन वर्षे टिकला, म्हणून 'थोडा काळ' हे वर्णन त्याला छान बसते. पण डोमिशियन मग आठवा होतो. यावर नंतरच्या काळाचे समर्थक म्हणतात की सात हा आकडा केवळ प्रतीक आहे, या पुस्तकात शिक्के सात, कर्णे सात, मंडळ्या सात. हे उत्तर मला अर्धेच पटते. सात प्रतीक असेल, पण 'एक आहे' या शब्दांना कुठेतरी जमीन हवी. मात्र दुसऱ्या बाजूचा हिशोबही दिसतो तितका पक्का नाही. मोजणी कुठून सुरू करायची हे पुस्तक सांगत नाही, आणि बहुतेक मोजणारे सहावा कोण ते आधी ठरवून मागे मागे जात आरंभ शोधतात.

श्वापदाचा आकडा म्हणून येणाऱ्या सहाशे सहासष्टाचे कोडे त्यामानाने सुटलेले आहे. 'नेरोन कैसर' हे ग्रीक वळणाचे नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमतींची बेरीज केली तर ६६६ येते. लॅटिन वळणाने शेवटचा 'न' गाळला तर पन्नास कमी होतात, उरतात ६१६. ऑक्सिरिंकस इथे सापडलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पपायरसच्या तुकड्यावर खरोखरच ६१६ आहे. इरेनियसलाही हा पाठ ठाऊक होता आणि त्याने तो चुकीचा ठरवला. नीरोचे नाव मात्र त्याने घेतलेले नाही. हे सगळे मानले तरी सिद्ध काय होते? लेखकाच्या मनात नीरो होता, एवढेच. तो तेव्हा जिवंत होता हे त्यातून निघत नाही. उलट श्वापदाच्या एका डोक्याला प्राणघातक जखम होऊन ती बरी झाली असे तेराव्या अध्यायात आहे, आणि नीरोने ९ जून ६८ रोजी आत्महत्या केल्यावर तो मेलाच नाही, परत येणार, अशी वदंता पूर्वेकडे पसरली होती. तोतये निघाले, पहिला वर्षभरातच, आणखी एक टायटसच्या काळात, पुढचा ८८ च्या सुमारास पार्थियनांच्या पाठबळावर. म्हणजे ही दंतकथा दोन्ही काळांत बसते, फक्त नीरोच्या हयातीत बसत नाही.

आता मंदिर. अकराव्या अध्यायात योहानाला मंदिर मोजायला सांगितले जाते, बाहेरचे अंगण सोडून; ते परराष्ट्रीयांना दिलेले आहे, बेचाळीस महिने ते तुडवतील. जॉन रॉबिन्सन या इंग्रज बिशपाने १९७६ साली नव्या कराराची सगळीच पुस्तके ७० च्या आधीची ठरवण्याचा घाट घातला, त्यातला मुख्य मुद्दा असा की मंदिर पडल्याचा या पुस्तकांत मागमूस नाही. यावर प्रघातातले उत्तर यहेज्केल संदेष्ट्याचे: बाबेलच्या हाती यरुशलेम पडल्यावर चौदाव्या वर्षी त्यानेही दर्शनात मंदिर मोजले, आणि तेव्हा जागेवर मंदिर नव्हते. उत्तर चोख आहे, पण त्याने एक खडा उरतोच. ७० मध्ये आतले गाभारे आणि बाहेरचे अंगण सारेच भस्म झाले. आतला भाग मोजून वेगळा ठेवायचा आणि अंगण तेवढे शत्रूला द्यायचे, ही कल्पना राख पाहिलेल्या माणसाला सहज सुचेल असे वाटत नाही. जर्मन अभ्यासक वेलहाउझेनने म्हणूनच सुचवले की हे वचन यरुशलेमच्या वेढ्याच्या दिवसांत मंदिरात ठाण मांडून बसलेल्या बंडखोरांच्या गोटातले असावे आणि पुढे ते या पुस्तकात आले. मला हा तर्क मोलाचा वाटतो, कारण पुस्तकाचे वय आणि त्यातल्या एखाद्या ओळीचे वय एकच असले पाहिजे असे नाही, हे तो दाखवतो.

दुसऱ्या पारड्यात इरेनियस. तो आशिया मायनरमध्ये वाढला, स्मुर्ण्याच्या पॉलिकार्पला त्याने तरुणपणी ऐकले होते. त्याचा शब्द हलका नाही. पण याच इरेनियसने येशूने पन्नाशीच्या जवळ जाईपर्यंत शिकवले असे ठामपणे लिहून ठेवले आहे, आणि ते कोणीही मानत नाही. क्रियापदाबद्दल माझे मत असे: आधीच्याच ओळीत 'दर्शन पाहणाऱ्या'चा उल्लेख आहे, त्यामुळे पाहिले गेले ते दर्शन हेच सरळ वाचन. योहानाला कर्ता करण्याची सूचना अठराव्या शतकात वेटस्टाइनने केली. ती हुशारीची आहे, पण गरजेपोटी केलेली वाटते. तेव्हा 'दिसले'. इरेनियस काय म्हणाला हे त्याने ठरते. तो बरोबर होता की नाही, हा प्रश्न तसाच राहतो. परंपराही एकमुखी नाही. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट नुसता 'जुलमी राजा' म्हणतो, सिरियाक भाषांतराच्या मथळ्यात योहानाला नीरोने हद्दपार केल्याचे येते, आणि पेताऊचा व्हिक्टोरिनस डोमिशियनचे नाव घेतो.

डोमिशियनने ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ केला, हा एके काळचा हुकमी मुद्दाही आता तसा राहिलेला नाही. त्याच्याविषयी वाईट लिहिणारे बहुतेक त्याच्या खुनानंतर, नव्या राजवटीच्या छायेत लिहीत होते. लेनर्ड थॉम्पसनने १९९० मध्ये हे नीट मांडले. इफिसमध्ये डोमिशियनच्या राजघराण्याचे मंदिर ८९-९० मध्ये उभे राहिले, बादशहाच्या पूजेचा आग्रह वाढला, हे खरे. पण पुस्तकातल्या सात मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत ठार झालेल्या एकाचेच नाव येते, पर्गमचा अंतिपा. नीरोने केलेला छळ तर रोमपुरताच होता, आशियात त्याचा पुरावा नाही. छळावरून काळ ठरवू पाहणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे शस्त्र खाली ठेवलेले बरे. द्राक्षमळे तोडण्याच्या डोमिशियनच्या फर्मानाशी सहाव्या अध्यायातल्या तेल-द्राक्षारसाचा संबंध जोडतात. तोही ओढून आणलेलाच आहे.

मग नंतरच्या काळाकडे माझा कौल का झुकतो? श्वापदावर बसलेल्या त्या स्त्रीच्या नावामुळे: मोठी बाबेल. सात डोंगरांवर बसलेली ही नगरी रोमच. वेस्पेशियनच्या ७१ सालच्या नाण्यावर रोमा देवी सात टेकड्यांवर रेललेली आहे. पण रोमला बाबेल का म्हणावे? बाबेलने यरुशलेमचे पहिले मंदिर पाडले होते. रोमने दुसरे पाडले तेव्हा ती उपमा आपोआप चिकटली. एज्राचे चौथे पुस्तक, बारूखाचे दुसरे पुस्तक, सिबिलीय वाणीचा पाचवा भाग, या ७० नंतरच्या यहुदी लेखनात ती सर्रास येते. त्याआधीच्या मृतसमुद्राच्या गुंडाळ्यांत रोमन लोक 'कित्तीम' आहेत. पेत्राच्या पहिल्या पत्रात बाबेल आहे खरी, पण त्या पत्राचा काळच वादात आहे. राजांच्या यादीत मोजणाऱ्याला जशी मोकळीक मिळते तशी या पुराव्यात मिळत नाही, आणि हा शब्द पुस्तकाच्या कडेला नसून त्याच्या गाभ्यात आहे.

म्हणून माझा निर्णय आर. एच. चार्ल्स यांनी १९२० मध्ये आणि डेव्हिड ऑनी यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या वाटेजवळ जातो. आज हाती आहे ते रूप डोमिशियनच्या अखेरच्या वर्षांतले. अकराव्या आणि सतराव्या अध्यायांतले काही तुकडे साठीच्या दशकातले. ही वाट फार सोयीची आहे हा आक्षेप मला मान्य आहे. तुकडे पाडायची मुभा घेतली की कोणताही पुरावा अडचणीचा राहत नाही. शिवाय पुस्तकाचे ते खडबडीत, हिब्रू वळणाचे ग्रीक, ज्याबद्दल तिसऱ्या शतकातच अलेक्झांड्रियाचा डायोनिसियस कुरकुरला होता, ते आरंभापासून शेवटपर्यंत सारखे आहे. त्यामुळे अनेक हातांपेक्षा एकच हात, पण वर्षानुवर्षे चाललेला, हे अधिक संभवते. ६८-६९ वर ठाम असणाऱ्याला मी हेकट म्हणणार नाही. न्यूटनने नीरोचाच काळ धरला होता, वेस्टकॉट, लाइटफूट आणि हॉर्ट हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज धुरंधरही त्याच बाजूचे होते. विसाव्या शतकात बहुमत डोमिशियनकडे सरकले, पण एखादे निर्णायक हस्तलिखित सापडले म्हणून नव्हे.

घरी मराठी बायबल असेल तर एकदा सतरावा अध्याय उघडा आणि ते सात राजे स्वतः मोजा, एकदा ज्युलियसपासून, एकदा ऑगस्टसपासून. मोजायला बसण्याआधी तुम्हाला सहावा कोण हवा आहे, तेवढे मात्र कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.